चारशेचा प्रोसेसर एकशे सहासष्टवर: एका सॉकेट ७ बोर्डच्या जंपरांचं प्रकरण

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन आहे. प्रत्येक हीटबरोबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या धातूबरोबर, ओतलेला टेस्ट बार लेथवर टर्न करून या मशीनच्या जबड्यांत धरतात आणि तुटेपर्यंत ताणतात. तुटताना किती भार होता आणि बार किती लांबला, याची नोंद होते. एसजी आयर्नची (गोलाकार ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाची) ५००/७ ग्रेड म्हणजे किमान ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण आणि ७ टक्के लांबवाढ. हे आकडे सर्टिफिकेटवर उमटल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही.

मशीन नव्वदच्या दशकातलं आहे, त्याचं लोखंड आणि हायड्रॉलिक अजून ठणठणीत. संगणक मात्र ४८६ डीएक्स२-६६. लोड सेलचा, म्हणजे भार मोजणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधल्या एका लांबलचक कार्डात येतो आणि डॉसवरचा प्रोग्राम तो वाचून आलेख काढतो. त्या बोर्डवरची निकेल-कॅडमियमची बॅटरी गळली, कीबोर्ड सॉकेटजवळचे तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून तुटले आणि बोर्ड संपला. आयएसए स्लॉट असलेला नवा औद्योगिक बोर्ड मिळतो, पण त्याची किंमत ऐकून मालकांनी विषय बदलला. मग लॅबचं काम बघणाऱ्या हार्डवेअरवाल्या मुलानं जुन्या बाजारातून सॉकेट ७ चा, म्हणजे पेंटियमच्या पिढीचे प्रोसेसर बसणारा, एक बोर्ड पैदा केला. इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट, एटी पॉवर कनेक्टर, आयएसए स्लॉट, ३२ एमबी एसडीरॅम, आणि वर बसवूनच आलेला एएमडीचा ४०० मेगाहर्ट्झचा के६-२. बोर्डवर कंपनीचं नाव नव्हतं आणि मॅन्युअल तर नव्हतंच.

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा तक्रारी दोन होत्या. एक, मशीन सुरू होतं, पडद्यावर ४०० चा आकडा येतो आणि थोड्या वेळानं सगळं गोठतं. दोन, गोठण्याआधी चाचणीचा प्रोग्राम चालवला तर तो उघडतच नाही. ‘रनटाइम एरर २००’ असं लिहून परत डॉसच्या प्रॉम्प्टवर येतो. पहिल्या तक्रारीसाठी रॅम बदलून झाली होती, दुसरीसाठी हार्ड डिस्कवरून प्रोग्राम पुन्हा उतरवून झाला होता. दोन्हींचा उपयोग शून्य.

रॅम बदलणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. गोठणाऱ्या मशीनवर पहिला संशय रॅमवरच जातो. पण दुसऱ्याच्या घरून आलेल्या बोर्डच्या बाबतीत माझा क्रम वेगळा असतो. आधी प्रोसेसर काढायचा, त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचायचं, आणि मग बोर्डवरचे जंपर, म्हणजे छोटी कॅप घालून जोडायच्या किंवा मोकळ्या सोडायच्या पिनांच्या जोड्या, कोणासाठी लावलेत ते बघायचं.

के६-२ च्या झाकणावर सगळं स्वच्छ छापलेलं असतं. कोअरला २.२ व्होल्ट, आय/ओला ३.३ व्होल्ट. यातला दुसरा आकडा बाहेरच्या जगाशी, म्हणजे चिपसेटशी आणि मेमरीशी बोलणाऱ्या तारांसाठी. पहिला आत काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरांसाठी. जुन्या पेंटियमला दोन्हींसाठी एकच व्होल्टेज पुरत होतं. जानेवारी १९९७ मध्ये पेंटियम एमएमएक्स आला आणि कोअर २.८ वर उतरला, तेव्हापासून सॉकेट ७ च्या बोर्डांवर कोअर व्होल्टेजचे जंपर जिवावरचे झाले. सॉकेट तेच, पिना त्याच, प्रोसेसर कुठलाही बसतो. तो कशावर चालायचा हे मात्र बसवणाऱ्यानं सांगायचं.

या बोर्डवर काय सांगून ठेवलं होतं? कोअर २.८ व्होल्ट, बस (बोर्डचं मूळ घड्याळ) ६६ मेगाहर्ट्झ, गुणक (प्रोसेसरनं त्या घड्याळाच्या किती पट चालायचं तो आकडा) २. ही जुळणी के६-२ ची नाही. एमएमएक्सचीही नाही, कारण ६६ गुणिले २ म्हणजे १३३, आणि डेस्कटॉपसाठीचा एमएमएक्स १६६ पासून पुढे मिळायचा. २.८ व्होल्ट आणि १३३ मेगाहर्ट्झ हे दोन्ही बरोबर बसतात ते सायरिक्सच्या ६x८६एल पी१६६+ ला. त्याच्या नावात १६६ असलं तरी तो प्रत्यक्षात १३३ वरच चालतो. म्हणजे बहुधा या बोर्डवर आधी सायरिक्स होता, तो काढून कोणीतरी के६-२ दाबून बसवला आणि जंपर होते तसेच ठेवले. संगणक सुरू झाला, पडद्यावर ४०० दिसलं, विकणारा खूश, घेणाराही खूश.

आता गंमत अशी की गुणक २ वर ठेवलेला असताना ४०० दिसलेच कसे? ६६ दुणे १३३ व्हायला हवे होते. यातच जंपर या प्रकाराची मेख आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गुणकाचा जंपर बोर्डवर कुठलाही वेग तयार करत नाही. घड्याळाची चिप ६६ मेगाहर्ट्झ देते, तेवढंच प्रोसेसरपर्यंत पोचतं. गुणाकार प्रोसेसरच्या पोटात होतो. जंपर काय करतो, तर प्रोसेसरच्या बीएफ० आणि बीएफ१ या पिना जमिनीला जोडतो किंवा मोकळ्या सोडतो. मोकळी पिन पुल-अपमुळे (तिला वरच्या व्होल्टेजकडे ओढणाऱ्या रोधामुळे) १ वाचली जाते, जोडलेली ० वाचली जाते. रीसेट सुटताना प्रोसेसर या पिना एकदा वाचतो आणि त्यांचा अर्थ स्वतःच्या पद्धतीनं लावतो. बीएफ१ मोकळी आणि बीएफ० जोडलेली, याचा अर्थ पेंटियमनं ‘२’ असा लावला. ४०० चा के६-२ तोच निरोप ‘६’ असा वाचतो. दोन्ही पिना मोकळ्या ठेवल्या तर जुना पेंटियम १.५ समजायचा, एमएमएक्स २३३ ला त्याच जुळणीतून ३.५ मिळतो, आणि के६-२ लाही ३.५ च. कारण उघड आहे. पिना दोन, जुळण्या चार, त्या सगळ्या आधीच वाटून झालेल्या. नव्या प्रोसेसरांना मोठे गुणक हवे होते आणि लहान गुणकांची गरज कोणालाच उरली नव्हती. मग जुने शब्द नव्या अर्थानं वापरले गेले. पुढच्या बोर्डांवर बीएफ२ ही तिसरी पिनही जंपरवर आणली गेली. या बोर्डवर ती नव्हती.

म्हणून बोर्डवर छापलेला ‘२x’ हा आकडा वाचून काही कळत नाही. समोर कोणता प्रोसेसर ऐकतोय ते कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

व्होल्टेजच्या जंपरांचं तसं नाही. ते रेग्युलेटरशी, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटशी, बोलतात, आणि रेग्युलेटरला सॉकेटमध्ये कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नसतं. २.८ सांगितलं की तो २.८ देतो. के६-२ ला २.१ ते २.३ हा पट्टा चालतो. ताप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, २.८ भागिले २.२ चा वर्ग म्हणजे साधारण १.६. तोच वेग, पण साठ टक्के जास्त उष्णता, तीही वाळलेल्या पेस्टवर आणि कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. मशीन गोठत होतं ते यामुळे. प्रोसेसर जळला कसा नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

तेव्हा पहिलं काम २.२ व्होल्ट मिळवण्याचं. आणि बोर्डवरच्या तक्त्यात २.२ नव्हतंच.

हे अनेक ४३०टीएक्स बोर्डांच्या बाबतीत होतं. चिपसेट १९९७ चा, के६-२ आला मे १९९८ मध्ये. जो प्रोसेसर बाजारात नाही त्याचं व्होल्टेज तक्त्यात कोण छापणार? पण तक्त्यात नाही याचा अर्थ रेग्युलेटरला जमत नाही असा होत नाही. छापलेलं होतं ते असं. चार जंपर. २.८ साठी फक्त चौथा शॉर्ट, म्हणजे कॅप घातलेला. २.९ साठी चौथा आणि पहिला. ३.२ साठी चौथा आणि तिसरा. ३.३ साठी चौथा, तिसरा आणि पहिला. ३.५ साठी चारही शॉर्ट.

कागदावर उतरवून घेतलं की चित्र दिसायला लागतं. २.८ मध्ये पहिला घातला की २.९, म्हणजे पहिल्याची किंमत ०.१. तिसरा घातला की ३.२, म्हणजे तिसरा ०.४ चा. ३.३ मध्ये दुसरा मिळवला की ३.५, म्हणजे दुसरा ०.२. पहिला ०.१, दुसरा ०.२, तिसरा ०.४, मग चौथा ०.८ चा असणार आणि सगळे मोकळे ठेवले की २.० येणार, हा अंदाज कोणीही बांधेल. तो बरोबर असेल तर २.२ साठी फक्त दुसरा शॉर्ट करायचा.

पण हा अंदाजच. दुप्पट होत जाणारी मालिका तिसऱ्यापर्यंत तक्त्यानं सिद्ध केली होती, चौथ्याची किंमत तक्त्यातून निघत नव्हती, कारण छापलेल्या प्रत्येक ओळीत चौथा शॉर्टच होता. त्यामुळे मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही.

प्रोसेसर बाहेर, सॉकेट रिकामं. पी८ आणि पी९ हे एटीचे दोन कनेक्टर काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून येतील असे लावले; ते उलटे लागले तर बाकी कशाचीच चिंता करायची वेळ येत नाही. एसएमपीएसला, म्हणजे पॉवर सप्लायला, लोड नसेल तर त्याचे आकडे डळमळतात, म्हणून एक जुनी हार्ड डिस्क नुसती पॉवरला जोडली. मल्टिमीटरची काळी तार जमिनीला, लाल तार सॉकेटशेजारच्या कॉइलच्या प्रोसेसरकडच्या टोकाला. जंपर आहेत तसे ठेवून आधी २.८ येतंय का ते बघितलं. आलं. यातून दोन गोष्टी कळल्या. जागा बरोबर आहे आणि तक्ता खरा आहे. मग वीज बंद करून चौथ्यावरची कॅप काढली. सगळे मोकळे: २.०. पुन्हा वीज बंद, दुसऱ्यावर कॅप: २.२ आणि वर एखादा शतांश. अंदाज खरा ठरला. आय/ओची बाजूही तपासली, ती ३.३ वर होती.

इथे एक सावधगिरी. काही बोर्ड सॉकेटमधली व्हीसीसी२डीईटी ही पिन बघून ठरवतात की प्रोसेसर एका व्होल्टेजचा आहे की दोन व्होल्टेजचा. दोन व्होल्टेजच्या प्रोसेसरमध्ये ती पिन आतून जमिनीला जोडलेली असते. अशा बोर्डवर सॉकेट रिकामं ठेवून मोजलं तर बोर्डला वाटतं की जुना पेंटियम बसलाय, आणि जंपर काहीही सांगोत, मीटरवर वरचं व्होल्टेज दिसतं. हा बोर्ड तसा नव्हता, पहिल्याच मापात २.८ आल्यामुळे ते स्पष्ट झालं होतं.

जुन्या कॅप सैल होत्या. बोटानं हलवली की मीटरवरचा आकडा नाचायचा. व्होल्टेजच्या जंपरवर हे परवडत नाही, म्हणून घट्ट बसणाऱ्या दुसऱ्या कॅप घातल्या. पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, काही हार्ड डिस्कवरच्या कॅप २ मिलिमीटरच्या असतात, त्या इथे जबरदस्तीनं बसवू नयेत. या बोर्डची एक गोष्ट मला आवडली. कॅप निसटून पडलीच तर व्होल्टेज खाली जातं, वर नाही. सगळेच बोर्ड इतके समंजस नसतात.

मेमरीजवळ आणखी एक जंपर होता, डीआयएमएमला, म्हणजे रॅमच्या पट्टीला, ३.३ की ५ व्होल्ट द्यायचे ते ठरवणारा. त्या काळात ५ व्होल्टचे ईडीओ डीआयएमएमही होते. एसडीरॅम ३.३ ची. हा जंपर बरोबर जागी होता, नाहीतर बदलून आणलेली रॅमही गेली असती.

नवी पेस्ट, नवा पंखा, प्रोसेसर परत जागेवर. २.२ वर, ४०० मेगाहर्ट्झला मशीन सुरू झालं. मेमरी टेस्ट रात्रभर चालवली, सकाळी चालूच होती. पहिली तक्रार संपली.

दुसरी जशीच्या तशी होती. प्रोग्राम चालवला की रनटाइम एरर २००.

हा आकडा टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत काम केलेल्यांना लगेच ओळखू येतो. २०० म्हणजे शून्यानं भागाकार. पण या प्रोग्राममध्ये शून्यानं कोणी भागत नाही. पास्कलचं सीआरटी नावाचं युनिट प्रोग्रामच्या सुरुवातीलाच, आपल्या ओळी चालू होण्याआधी, संगणकाचा वेग मोजून घेतं. डॉसचं घड्याळ दर ५५ मिलिसेकंदांनी एक ठोका देतं. एका ठोक्यात रिकामं लूप किती वेळा फिरलं ते मोजायचं, त्याला ५५ नं भागायचं, म्हणजे एका मिलिसेकंदाला किती फेऱ्या ते कळतं; ‘डिले’ या आज्ञेला पुढे हाच आकडा लागतो. उत्तर १६ बिटांत मावायला हवं, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. ४८६ वर ते आरामात मावायचं. प्रोसेसर फार वेगवान झाला की फेऱ्या इतक्या होतात की उत्तर मावत नाही. भागाकाराचं उत्तर न मावणं आणि शून्यानं भागणं, या दोन्हींसाठी प्रोसेसर एकच अपवाद उठवतो, आणि पास्कल त्याला २०० म्हणतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या समोर जी यंत्रं होती त्यांना ते उत्तम पुरत होतं.

उपाय तीन होते. पहिला, प्रोग्रामच्या फाइलमध्ये ते युनिट दुरुस्त करणारा पॅच मारायचा. असे पॅच मिळतात आणि बहुतेकदा चालतात. पण हा प्रोग्राम भार मोजतो, त्यावर सर्टिफिकेट निघतं. त्याच्या फाइलला हात लावला की ग्राहकाच्या ऑडिटरला उत्तर देत बसावं लागतं. दुसरा, बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन कॅश, म्हणजे प्रोसेसरची जलद मेमरी, बंद करायची. मशीन एकदम मंदावतं आणि प्रोग्राम उघडतो. मात्र ही सेटिंग सीमॉस या बोर्डवरच्या छोट्या मेमरीत राहते, सीमॉस बॅटरीवर राहते, आणि हे सगळं प्रकरण बॅटरीनंच सुरू झालं होतं. बॅटरी संपली की सेटिंग मूळ पदावर, आणि एका सकाळी पुन्हा तीच एरर.

तिसरा उपाय, गुणक उतरवायचा. के६-२ या बोर्डवर जे चार गुणक ऐकू शकतो ते २.५, ३, ३.५ आणि ६. सर्वांत खालचा २.५, म्हणजे ६६ वर १६६ मेगाहर्ट्झ. त्यासाठी दोन्ही बीएफ पिना जमिनीला. बीएफ० आधीच जोडलेली होती, बीएफ१ वर एक कॅप घालायची.

लॅबचे इनचार्ज हे ऐकून नाराज झाले. “अहो, चारशेचा घोडा मिळालाय आणि तुम्ही त्याचा लगाम ओढताय?” त्यांचं म्हणणं पैशाच्या बाजूनं खरं होतं, पण हा प्रोग्राम ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ वर वर्षानुवर्षं चालला होता. १६६ चा के६-२ त्याच्या मानानं कितीतरी पुढे. उरलेला वेग फक्त पंखा तापवायला कामी आला असता. “साहेब, बार तुटायला लागतो तेवढाच वेळ लागणार,” एवढं सांगितल्यावर ते हसले आणि हरकत मागे घेतली.

बस ६६ वरून खाली आणायचा किंवा वर न्यायचा मोह मात्र टाळला. घड्याळाच्या चिपचा नंबर बघून कळत होतं की ७५ आणि ८३ मेगाहर्ट्झही जंपरांतून मिळू शकतात. पण पीसीआय (आयएसएनंतरची, कार्डांची नवी वाट) ही बसच्या निम्म्या वेगावर चालते आणि आयएसए पीसीआयच्या चौथ्या हिश्शावर. ६६ ला पीसीआय ३३ आणि आयएसए ८.३३. बस ८३ केली तर आयएसए १० च्या वर जाते, आणि लोड सेल वाचणारं कार्ड त्याच आयएसएवर बसलंय. पडदा झरझर चालतो आणि भाराचा आकडा मधूनच चुकतो, यासारखं संकट टेस्टिंग लॅबमध्ये दुसरं नाही. बंद पडलेलं यंत्र निदान सगळ्यांना दिसतं तरी.

बीएफ१ वर कॅप घातली, वीज दिली. बायोसनं १६६ दाखवलं. प्रोग्राम उघडला.

आलेख मात्र सरळ रेषेत शून्यावर पडून राहिला. हा भाग पटकन सांगतो, कारण तो नेहमीचाच आहे. आयएसए कार्डावरही जंपर असतात: पत्ता ३०० हेक्स, इंटरप्ट (कार्ड प्रोसेसरचं लक्ष वेधतं ती तार) ५. ते कार्ड काढण्याआधीच फोटो काढून ठेवले होते आणि कोणी हलवले नव्हते. पण ४८६ च्या काळात इंटरप्ट वाटायला बायोस येत नसे. या बोर्डच्या प्लग अँड प्ले बायोसनं ५ क्रमांक मोकळा समजून एका पीसीआय उपकरणाला देऊन टाकला होता. बायोसमध्ये इंटरप्ट ५ ‘लेगसी आयएसए’ म्हणून राखून ठेवला आणि भार दिसू लागला. मघाशी कॅशबद्दल जे म्हटलं ते इथेही लागू आहे, ही सेटिंगही बॅटरीवरच जगते. कार्डाचा जंपर दुसऱ्या इंटरप्टवर नेऊन चाललं असतं का, तर नाही. प्रोग्रामला ५ हाच क्रमांक ठाऊक आहे. म्हणून नवं सीआर२०३२ सेल घातलं आणि सेल बदलायची तारीख लॅबच्या कॅलेंडरवर टाकली.

एवढ्यावर लॅब सुरू झाली असती, पण संगणक बदलल्यावर भाराची तपासणी व्हायलाच हवी. कॅलिब्रेशनवाले प्रूव्हिंग रिंग, म्हणजे भार मोजणारं प्रमाणित कडं, घेऊन आले, वेगवेगळ्या भारांवर मशीनचा आकडा आणि रिंगचा आकडा ताडून बघितला, फरक मर्यादेत निघाला. त्यानंतरच नव्या संगणकावरून पहिलं सर्टिफिकेट काढलं.

बदल म्हणून बघितलं तर एक कॅप चौथ्यावरून दुसऱ्यावर गेली आणि एक नवीन बीएफ१ वर बसली. बोर्डचा छापील तक्ता अपुरा असल्यानं कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे. त्यावर प्रत्येक जंपरचा नंबर, शॉर्ट की ओपन, मीटरवर मोजलेलं व्होल्टेज आणि प्रोसेसरच्या पाठीवरचा मजकूर आहे. ‘२.५x मुद्दाम ठेवला आहे, वाढवू नये’ अशी एक ओळ लाल शाईत आहे, कारण पुढचा कोणी हुशार माणूस झाकण उघडून चारशेचा प्रोसेसर १६६ वर बघेल आणि उपकार म्हणून कॅप काढेल, याची मला खात्री आहे. बीएफ१ च्या कॅपवर नेलपॉलिशचा थेंबही टाकला आहे.

बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुने आहेत आणि रेग्युलेटरजवळचे दोन किंचित फुगायला लागलेत, ते पुढच्या देखभालीच्या दिवशी बदलायचे ठरलं आहे. हार्डवेअरवाला मुलगा आता याच जातीचा दुसरा बोर्ड शोधतोय. सापडला की प्रोसेसर बसवण्याआधी मल्टिमीटर लावून मला फोन करायचा, असं त्याला सांगितलं आहे.